जवळ, लागून आणि शेजारीं

मुंबईंतील कोणताहि पत्ता घ्यावा. माणसाचें नांव, इमारतीचें नांव, आणि त्यानंतर बहुधा एखादा लहानसा इंग्रजी शब्द : ‘नियर’, ‘ऑपोझिट’, ‘बिहाइंड’ किंवा ‘नेक्स्ट टु’. अमक्या देवळाजवळ, तमक्या नाट्यगृहासमोर, फलाण्या बाजारामागें. हे शब्द इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, त्यांच्या अर्थाचा विचार करण्याचें कोणास कारण पडत नाहीं. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वीं याच कुळांतील कांहीं शब्दांच्या अर्थावरून या शहरांतील हजारों घरें उघडीं केलीं गेलीं, माणसें माणसांपासून वेगळीं केलीं गेलीं, आणि शेवटीं परळ येथील प्रयोगशाळेंत अवघ्या दोन फुटांच्या अंतरानें त्या अर्थाचा निकाल लागला. सान्निध्य दाखविणाऱ्या इंग्रजी शब्दांची कथा ही केवळ व्याकरणाची कथा नाहीं; मुंबईच्या वस्तीचीहि ती कथा आहे.

हे शब्द मराठी माणसाच्या हातीं प्रथम शाळेंत आले. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें मराठी व्याकरण १८३६ सालीं प्रसिद्ध झालें. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं निघाली. मोल्सवर्थ यांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश मेजर कँडी यांनीं पुरा केला, तो १८४७ सालीं बाहेर पडला. गिरगांवांत अंब्रोलीस असलेल्या विल्सन यांच्या शाळेंतून आणि तिच्यासारख्या इतर शाळांतून शिकणारीं मुलें या ग्रंथांच्या आधारानें एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत जाऊं लागलीं. तेथें पहिली ठेंच लागे ती ‘जवळ’ या शब्दाची.

‘घराच्या जवळ’ असें मराठींत म्हणावयाचें, म्हणून मुलगा इंग्रजींत ‘नियर ऑफ द हाउस’ असें लिही. मास्तर तांबड्या शाईनें मधला ‘ऑफ’ खोडीत. ही चूक लौकर सुटे. दुसरी चूक अधिक खोल होती. ‘माझ्याजवळ दोन रुपये आहेत’ याचें भाषांतर मुलगा ‘दोन रुपये माझ्या नियर आहेत’ अशा धर्तीवर करी. इंग्रज हें वाचून एवढेंच समजेल कीं, रुपये कोठेंतरी पायांपाशीं पडले आहेत. ते कोणाच्या मालकीचे, हें त्यास कळणार नाहीं. मराठी माणूस बापाजवळ पैसे मागतो, मित्राजवळ मन मोकळें करतो, आणि सावकाराजवळ दागिना गहाण ठेवतो. मराठींतील ‘जवळ’ अंतर सांगतें, तसाच संबंधहि सांगतें. इंग्रजींतील ‘नियर’ बहुधा अंतर सांगून थांबतो.

पण इंग्रजी शब्दहि मूळचा इतका कोरडा नव्हता. जुन्या इंग्रजींत जवळ या अर्थीं ‘नाय’ असा शब्द होता. ‘नियर’ हें त्याचें तुलनेचें रूप, म्हणजे ‘अधिक जवळ’. आणि ‘नेक्स्ट’ हें त्याचें अखेरचें रूप, म्हणजे ‘सर्वांत जवळ’. पुढें मूळ शब्द मागें पडला आणि ‘नियर’ हाच साधा शब्द होऊन बसला. ‘नेक्स्ट’ यानें तर अंतर सोडून क्रम धरला. कोंकणांत ‘नेक्स्ट हाउस’ एका शेताच्या पलीकडे असूं शकेल. मध्यें दुसरें घर नसलें म्हणजे झालें. गिरगांवांत तेंच एका भिंतीपलीकडे असतें. याच ‘नाय’ शब्दाला राहणारा या अर्थाचा एक जुना शब्द जोडून ‘नेबर’ झाला. जवळ राहणारा तो ‘नेबर’. म्हणजे इंग्रजींतहि अंतराच्या शब्दांतूनच शेजारधर्माचा शब्द निघाला. फक्त पुढें दोघांचें घर वेगळें झालें.

लॅटिन भाषेंतून आलेले शब्द याहून नेमके आहेत. ‘अॅडजेसंट’ म्हणजे पाशीं पडलेलें; मध्यें थोडी जागा असली तरी चालते. ‘अॅडजॉइनिंग’ म्हणजे जोडलेलें. ‘काँटिग्युअस’ म्हणजे कडेला कड भिडलेलें. परळचें मध्य रेल्वेचें स्थानक आणि पश्चिम रेल्वेचें पूर्वीचें एल्फिन्स्टन रोड, २०१८ पासूनचें प्रभादेवी, हीं दोन स्थानकें ‘अॅडजेसंट’ होत. उतारू पुलावरून एकांतून दुसऱ्यांत जातो. गिरगांवच्या जुन्या वाडींतील सामाईक भिंतीचीं दोन घरें मात्र ‘काँटिग्युअस’. मराठी खरेदीखतांत हें काम फार पूर्वींपासून चतुःसीमेनें केलें आहे : पूर्वेस अमक्याचें घर, पश्चिमेस लागून तमक्याची जागा. ‘लगत’, ‘लागून’, ‘खेटून’, ‘भिडून’ हे शब्द नेमकेपणांत कोणत्याहि लॅटिन शब्दाला हार जाणारे नाहींत.

येथें दोन्ही भाषांत एक विलक्षण साम्य दिसतें. ‘काँटिग्युअस’ ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचा अर्थ स्पर्श करणें. त्याच धातूपासून ‘काँटॅक्ट’ आला, आणि त्याच धातूपासून ‘काँटेजन’ म्हणजे स्पर्शानें पसरणारा रोग हाहि शब्द आला. मराठींत ‘लागणें’ या क्रियापदापासून ‘लागून’ झाला, आणि त्याच क्रियापदापासून रोगाची ‘लागण’ झाली. ‘साथ’ या शब्दानें तर कमाल केली आहे. संकटांत शेजारी देतो तीहि साथ, आणि पटकीची किंवा देवीची येते तीहि साथ. दोन्ही समाजांनीं जवळीक आणि रोग एकाच शब्दकुळांत ठेवले, कारण दोघांनींहि अनुभवानें हें पाहिलें होतें कीं, माणसें जेथें दाट राहतात तेथें रोगहि दाट पसरतो. अनुभव खरा होता. त्याचें कारण मात्र शब्दांत सांपडण्यासारखें नव्हतें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईंत माणसें किती दाट राहत होतीं, हें गिरगांव व लालबाग या दोन वस्त्यांवरून कळतें. गिरगांव हें मूळचें वाड्यांचें गांव. खेतवाडी, फणसवाडी, कांदेवाडी, आंबेवाडी हीं नांवेंच पूर्वींच्या बागाइतीची साक्ष देतात. त्या बागांत घरें उठलीं, घरांच्या मधल्या जागेंत चाळी उठल्या. परळ-लालबागच्या बाजूस गिरण्या वाढल्या, आणि रत्नागिरी, सातारा, पुणें या जिल्ह्यांतून आलेले कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टापूंत खोली शोधूं लागले. एकेका खोलींत अनेक जण राहत. एक पाळी कामावर गेली म्हणजे दुसरी पाळी त्याच जागीं अंथरूण टाकी. गांवाकडून आलेला नवा मनुष्य आधीं गांववाल्याच्या खोलीवर उतरे, आणि त्याच्याच ओळखीनें गिरणींत लागे. बाळंतपण, आजार, मर्तिक, उसनवारी, सगळें शेजाऱ्यांच्या आधारानें चाले. त्या वस्तीला एका बाजूनें पाहिलें तर ती दाटी होती, दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर तो शेजार होता.

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगास यांनीं प्लेगचा रोगी ओळखला. थोड्याच महिन्यांत रोग शहरभर झाला आणि लक्षावधि लोक मुंबई सोडून गांवाकडे निघाले. प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ सालींच हाँगकाँग येथें लागला होता. परंतु तो जंतु एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत कसा जातो, हें कोणासहि नक्की ठाऊक नव्हतें. ज्ञानाची ही रिकामी जागा जुन्या शब्दांनीं भरून काढली. अधिकाऱ्यांच्या भाषेंत त्या वेळीं दोन शब्द पुनःपुन्हा येत : ‘क्लोज’ आणि ‘काँटॅक्ट’.

‘क्लोज’ हा शब्द मूळ बंद या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. मधली जागा बंद झाली म्हणजे वस्तु जवळ आली, म्हणून ‘क्लोज’ म्हणजे जवळ. खिडक्या बंद झाल्या म्हणजे हवा कोंदट झाली, म्हणून ‘क्लोज’ म्हणजे कोंदटहि. एकाच शब्दांत दाटी आणि दूषित हवा या दोन कल्पना एकत्र आल्या. चाळीची खोली ‘क्लोज’ आहे असें म्हटलें कीं, तेथील माणसें एकमेकांच्या फार जवळ आहेत व तेथील हवा विषारी आहे, असे दोन्ही निष्कर्ष एका दमांत निघत. आणि दोन्ही मिळून रोगाचें कारण ठरत.

शब्दांचा अर्थ मग कृतींत उतरला. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला, आणि मार्चांत जनरल गटेकर यांच्या अध्यक्षतेखालीं मुंबईची प्लेग कमिटी नेमली गेली. घरोघर झडत्या झाल्या. रोग्यास इस्पितळांत आणि त्याच्या घरच्या माणसांस छावणींत नेण्यांत येऊं लागलें. घरांतून औषधी पाण्याचे फवारे मारले, भिंतींना चुना लावला, उजेड व हवा यावी म्हणून छपरांचीं कौलें काढलीं. जीं घरें माणसांच्या वस्तीस अयोग्य ठरलीं, त्यांच्यावर त्या इंग्रजी वाक्याचीं आद्याक्षरें ‘यू. एच. एच.’ अशीं रंगविलीं गेलीं. ज्या चाळींत आजाऱ्याजवळ रात्रभर बसणें हा शेजारधर्म होता, तेथें आजाऱ्याजवळ बसलेला मनुष्य आतां संशयित ठरला. लोक रोग लपवूं लागले. १८९६ च्या ऑक्टोबरांतच आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांचा मोठा जमाव चालून गेला होता. त्या क्षोभाच्या मुळाशीं अज्ञान होतें असें म्हणून पुष्कळांनीं तो विषय संपविला. अज्ञान होतेंच, पण तें एकाच बाजूला नव्हतें.

या अज्ञानाचा शेवट होण्यास १८९८ सालीं आरंभ झाला. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें कराची येथें प्रयोग करून असें मांडलें कीं, प्लेग उंदरावरच्या पिसवेंतून पसरतो. त्याच्या म्हणण्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाहीं. पुढें १८९९ सालीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. तीच १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते. १९०५ पासून याच प्रयोगशाळेंत प्लेगच्या संशोधनासाठीं नेमलेल्या मंडळानें पद्धतशीर प्रयोग केले. त्यांत जो प्रश्न विचारला गेला, तो शब्दार्थाचाच प्रश्न होता : ‘क्लोज काँटॅक्ट’ म्हणजे नेमकें काय?

मंडळानें लहान खोपटें बांधलीं. त्यांत प्लेग झालेलीं आणि निरोगी अशीं गिनीपिगें एकत्र ठेवलीं. जेथें पिसवा मुळींच नव्हत्या, तेथें आजारी व निरोगी प्राणी अंगाला अंग लावून राहिले, तरी निरोगी प्राण्यांत रोगाची साथ उठली नाहीं. आजारी आईचें दूध प्यालेलीं पिलेंहि रोगापासून वांचलीं. जेथें पिसवा होत्या, तेथें रोग झपाट्यानें पसरला. मग निरोगी प्राणी पिंजऱ्यांत घालून टांगले. जमिनीवरील पिंजऱ्यांतला प्राणी मेला, जमिनीपासून दोन इंच उंचावरच्या पिंजऱ्यासहि रोग लागला. परंतु दोन फूट उंचावर टांगलेला प्राणी त्याच हवेंत, त्याच खोपटांत राहून सुखरूप राहिला. पिसवेची उडी कांहीं इंचांची असते. दोन फूट तिला चढवत नाहींत. कांहीं पिंजऱ्यांभोंवतीं चिकट कागदाचा पट्टा ठेवला. पट्ट्याच्या आंतला प्राणी वांचला आणि कागदावर पिसवा अडकलेल्या सांपडल्या.

या प्रयोगांनीं शब्द खोटे ठरले नाहींत, पण त्यांतील एक मोठी उणीव उघडी पडली. ‘जवळ’ म्हणतांना कोण कोणाच्या जवळ, हें सांगावें लागतें. नेहमींच्या गांठीच्या प्लेगांत माणूस माणसाजवळ असण्यापेक्षां मेलेला उंदीर, त्याची पिसू आणि माणूस हीं तिन्ही जवळ असण्यांत धोका होता. फुफ्फुसाचा प्लेग मात्र श्वासावाटे माणसापासून माणसाकडे जातो. तेवढ्यापुरता जुना अर्थ खरा होता. मुंबईंतील बहुतेक रोगी गांठीच्या प्लेगचे होते. धान्याच्या गोदामांशेजारच्या मांडवीस रोग प्रथम कां दिसला, याचाहि उलगडा येथें होतो. आजाऱ्याच्या उशाशीं बसलेल्या शेजारणीस छावणींत नेण्यापेक्षां खोलींतील उंदरांचीं बिळें बुजविणें अधिक उपयोगाचें होतें. हें कळण्यापूर्वीं दहा वर्षें गेलीं, आणि त्या दहा वर्षांत शब्दांच्या जोरावर घरें मोडलीं गेलीं.

दरम्यान शहर नव्यानें बांधण्याचें काम सुरू झालें होतें. १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या भाषेंत ‘क्लोज’ याचा विरुद्ध शब्द होता ‘ओपन’. दाट वस्तींतून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँढर्स्ट रोड हे रुंद रस्ते काढण्यांत आले, आणि दादर-माटुंग्याकडे आंखीव रस्ते, मोकळ्या जागा व सुटीं घरें यांची योजना आंखली गेली. हिंदु कॉलनी व पारशी कॉलनी हीं तिचीं फळें. गिरगांवांतून दादरला राहावयास गेलेल्या कुटुंबास प्रथमच खिडकीबाहेर शेजाऱ्याच्या भिंतीऐवजीं झाड दिसलें. क्षयासारख्या रोगांच्या दृष्टीनें उजेड व हवा यांचा लाभ निःसंशय झाला. परंतु पाडलेल्या घरांतील सर्वांस नव्या चाळींत जागा मिळाली नाहीं. पुष्कळ लोक पुन्हा उरलेल्या दाटींतच जाऊन शिरले. पुढें १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें २०७ चाळी बांधल्या. त्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारें १६० चौरस फुटांची. मध्यें लांब सामाईक वाट, दोहों बाजूंस दारें. इमारतींच्या मध्यें जागा सोडली गेली, पण इमारतीच्या आंत चाळीचा शेजार होता तसाच राहिला.

तरीसुद्धां भिंतीला भिंत लागली म्हणजे शेजार झालाच, असें नव्हे. याचा दाखला परळ-लालबागच्या गिरण्यांतच होता. कापड विणतांना धोट्यांत नवी कांडी भरली कीं, तिच्या सुताचें टोक धोट्याच्या छिद्रांतून तोंडानें ओढून घेण्याची चाल होती. एकाच धोट्यास अनेकांचें तोंड लागे. या एका कारणावरून अस्पृश्य मानलेल्या कामगारांस साचेखात्यांत, म्हणजे अधिक मजुरीच्या कामावर, येऊं दिलें जात नसे. एकाच गिरणींत, एकाच छपराखालीं, एकाच भोंग्यावर काम करणारे हे लोक ‘अॅडजेसंट’ होते. त्यांचा ‘काँटॅक्ट’ मात्र निषिद्ध होता. परळच्या ट्रस्टच्या चाळींत पुष्कळ वर्षें राहिलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळीं हा प्रश्न कामगारपुढाऱ्यांसमोर उघडपणें मांडला. पुढें ते दादरच्या हिंदु कॉलनींत राजगृहांत राहावयास गेले. परळापासून दादर थोड्या मिनिटांच्या वाटेवर आहे. परंतु स्पर्श या शब्दावरून समाजानें आंखलेलें अंतर मैलांत मोजण्यासारखें नव्हतें. परळच्या प्रयोगशाळेनें रोगाच्या बाबतींत जें दाखविलें होतें, तें याहि बाबतींत खरें होतें : स्पर्शाची भीति ही पुष्कळदां ज्ञानाची जागा अडवून बसते.

आज मुंबईच्या नांवांतून या शब्दांचे अवशेष जागोजाग सांपडतात. लोअर परळमधील ‘लोअर’, खेतवाडी बॅक रोडमधील ‘बॅक’, हे दिशा व सान्निध्य सांगणारे शब्द नांवांतच मुरले आहेत. गिरगांव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल मार्ग झाला. ३१ मार्च १९६४ रोजीं मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला पोंचली आणि ट्राम संपली. परंतु ट्रामच्या अखेरच्या थांब्याचीं ‘टी. टी.’ हीं दोन अक्षरें दादरकरांच्या तोंडीं राहिलीं. ‘टी. टी.जवळ’ असा पत्ता सांगणारा मनुष्य नसलेल्या वस्तूजवळचें ठिकाण सांगतो, आणि ऐकणारा तेथें बरोबर पोंचतो. दोघांच्या मनांत एकच खूण असली म्हणजे अंतर मोजावें लागत नाहीं.

‘नियर’ शब्दानें पत्रवाल्यास घर सांपडतें, आणि ‘अॅडजॉइनिंग’ शब्दानें न्यायालयास हद्द कळते. एवढ्या कामासाठीं इंग्रजी शब्द उत्तम आहेत व ते वापरण्यांत कमीपणा नाहीं. परंतु साथ आली असतां कोणापासून दूर राहावें आणि कोणाच्या जवळ जावें, हें ठरवावयाचें असेल, तर शब्दावर न थांबतां वस्तुस्थिति तपासावी लागते. परळच्या त्या दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यानें हेंच शिकविलें. आणि मध्यरात्रीं घरांत कोणी आजारी पडलें म्हणजे जें दार प्रथम ठोठावलें जातें, त्याला ‘शेजार’ हा एकच शब्द आहे. गिरगांवच्या चाळी पाडून तेथें उंच इमारती उभ्या राहत आहेत, बी. डी. डी. चाळींच्या जागींहि तसेंच होत आहे. नव्या घरांत उजेड आहे, हवा आहे, उंदीर नाहींत. तेथें तें दार ठोठावतां यावें, एवढी व्यवस्था मात्र कोणतीहि योजना करूं शकत नाहीं. ती राहणाऱ्यांनींच करावयाची असते.